दुपारचा आकडा

साखरेचं पाणी प्यायचंय म्हटल्यावर चिमटीला हसूच आलं. सहा वर्षं ती गोळ्यांच्या कारखान्यात होती. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच साखरेत उभं राहायचं, आणि आता दवाखान्यातही उपाशीपोटी बोलावून वर साखरच पाजणार! "हा तर ओव्हरटाइमच झाला," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. नवरा हसला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जिथे काही कोसळू शकतं तिथे हसायची त्याला सवय नव्हती.

ग्लासातलं पाणी कोमट होतं आणि इतकं दाट की गिळलं तरी घशात रेंगाळत होतं. आधी एकदा रक्त काढलं, मग ते पाणी, मग तासाने पुन्हा रक्त, आणखी तासाने पुन्हा. मधेच उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून, असं नर्सने बजावलं होतं. पाऊण तासाने चिमटीला उमळून आलं. तिने नवऱ्याच्या मनगटात नखं रुतवली, डोळे मिटले, पण ओकली नाही. मनगटावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या आणि त्याने हू की चू केलं नाही. माणूस वाईट नव्हता हो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कारखान्यात सगळ्या तिला तसं म्हणत. तिथल्या गोळ्या मऊ असल्यामुळे यंत्राने गुंडाळल्या की चिरडायच्या, म्हणून चौदा बाया दोन लांब टेबलांशी उभ्या राहून हातानेच कागद लावायच्या. गोळी चिकटू नये म्हणून आधी पिठीसाखरेत घोळवायची, कागदावर ठेवायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. हिच्यासारखी घट्ट चिमटी कोणाची बसत नसे. दिवसाला चार हजारांच्या वर गोळ्या तिच्या हाताखालून जात, आणि सहा वर्षांत तिने त्यातली एक तोंडात घातली नव्हती. पहिल्या आठवड्यात सगळ्याच खातात. दुसऱ्या आठवड्यापासून नुसत्या वासाने मळमळतं.

रिपोर्ट आला. साखर जास्त होती. गरोदरपणातला मधुमेह, डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंत झाल्यावर बहुतेक जाईल, पण तोवर डोळ्यांत तेल घालून जपायचं.

हे तिला कोणी सांगायला नकोच होतं. तीन वर्षांपूर्वी पहिला मुलगा झाला होता, साडेचार किलोचा. नऊ महिने सगळे पोट बघून म्हणायचे, काय गुटगुटीत असणार! तिची साखर तेव्हा कोणी तपासलीच नव्हती. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ओढाओढी करून काढला तेव्हा तो निळा होता, आणि एकदाही न रडता गेला. इतकं भरलेलं, देखणं मूल, आणि तिने ते कापडात गुंडाळलेलं पाहिलं. या खेपेला तिचं मागणं एवढंच होतं की मूल जिवंत हातात यावं. काळं असो, गोरं असो, मुलगा असो, मुलगी असो, फक्त रडावं.

म्हणून ती सांगितलेलं सगळं अक्षरशः करायला लागली. रक्त तपासायचं छोटं मशीन मिळालं. ते कसं वापरायचं हे एका मुलीने चार मिनिटांत दाखवलं, कारण बाहेर तीस जणी बसल्या होत्या. "बोट स्पिरिटच्या कापसाने पुसायचं, वाळू द्यायचं, टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. पुसल्याशिवाय टोचायचं नाही, कळलं?" कळलं. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि प्रत्येक जेवणानंतर दीड तासाने एकदा. दिवसाला चार टोचण्या.

नवऱ्याने वही आणली, पट्टीने रकाने आखले. सकाळ, न्याहारीनंतर, दुपार, रात्र. रोज रात्री तो मशीनमधले आकडे बघून स्वतः वहीत उतरवायचा.

सकाळचा आकडा अठ्ठ्याऐंशी, नव्वद. न्याहारीनंतरचा ठीक. रात्रीचाही ठीक. दुपारचा मात्र एकशे शहाण्णव. दोनशे चार. एकशे नव्वद.

दुपारी ती घरून नेलेलं खायची. दोन उकडलेली अंडी, काकडी, मूठभर भात. डबा नवराच भरायचा, भात वाटीने मोजून. जेवण साडेबाराला आणि तपासणी दोन वाजता, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. सुपरवायझर दोन मिनिटांच्या वर टेबल सोडू देत नसे आणि नळ होता पार अंगणापलीकडे. चिमटी साखरेच्या पोत्यांमागे जायची, कापसाने बोट पुसायची, वाळवायची, टोचायची. सगळ्या बायांना हातमोजे मिळत, पण मोज्याने कागदाला पीळ बसत नाही, म्हणून जी ती अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची टोकं कापून घ्यायची. ती त्याच उघड्या बोटाला टोचायची. दोन मिनिटांत मोजा काढत कोण बसणार?

आता शहाण्या वाचकाच्या लक्षात आलं असेल काय चाललं होतं ते. त्या घरात आणि त्या दवाखान्यात कोणाच्याही लक्षात आलं नाही. स्पिरिटचा कापूस जंतू मारतो, पण दिवसभर बोटावर चढलेली साखर त्याने निघत नाही. तिला लागतं पाणी. रक्ताचा थेंब त्या साखरेत मिसळायचा आणि मशीन इमानदारीने दोन्ही मिळून मोजायचं.

डॉक्टरबाईंनी दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन सुरू केलं. तरी दुपारचा आकडा हटेना.

पहिल्या रविवारी ती घरी होती. दुपारचा आकडा एकशे चौदा आला. दुसऱ्या रविवारी एकशे आठ. नवऱ्याने वहीत त्या दोन आकड्यांभोवती गोल काढले आणि बराच वेळ बघत बसला.

"रविवारी बरा येतो," तो म्हणाला.

"हो ना! मलाही नवल वाटतं."

"मला नाही वाटत." एवढंच बोलून त्याने वही मिटली.

त्यानंतर एक गोष्ट घडली, आणि चिमटीला ती आधी सुखाचीच वाटली. संध्याकाळी ती कामावरून आली की नवरा दारातच तिला जवळ घ्यायचा आणि ओठांवर ओठ टेकवायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती, त्यातली शेवटची तीन नुसती काढली होती. पहिल्या दिवशी ती लाजली. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी थांबून तिने केस नीट केले. तिसऱ्या दिवशी तिने डोळे जरा लवकर उघडले. नवऱ्याने स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली होती आणि तो भिंतीकडे बघत होता. यंत्रातलं तेल जळलंय का हे हुंगून ठरवताना त्याचा चेहरा असा व्हायचा.

ती मागे सरली.

"तुम्ही चव बघत होतात?"

त्याने नाही म्हटलं नाही. "अगं, रोज गोड लागतात ओठ. मी काय समजायचं?"

"तिथली हवाच तशी आहे हो. पापण्यांवरसुद्धा साखर बसते. आमच्यातल्या कोणाचेही ओठ..."

"हवेने रक्तातली साखर वाढते का?"

तिने मनगटाने ओठ पुसले.

"हे बघ, माणूस खोटं बोलतो. मीटर नाही बोलत," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी रागावत नाहीये. एक-दोन गोळ्या जात असतील तोंडात. कबूल कर, म्हणजे काहीतरी करता येईल. एक मूल गेलंय आपलं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. न केलेलं कबूल करायचं, नाही तर मेलेल्या मुलाची आठवण ऐकायची. चिमटी रात्रभर भिंतीकडे तोंड करून रडली, आणि सकाळी त्याने मोजून भरलेला डबा उचलून कामावर गेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी वही चाळली. "रविवारी घरी असता का? मग कारखान्यात काय होतं?"

"काही नाही होत, बाई. मी खरंच..."

"खाते ती," नवरा म्हणाला. "तिला स्वतःला कळतही नसेल. पण खाते."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. हे त्यांनी शंभरदा ऐकलं असणार. त्यांनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली. नोकरी सोडता येईल का, म्हणून विचारलं. बाळंतपणाची रजा अजून तीन आठवडे लांब होती, आधी सोडली तर ती बुडणार होती. मग त्यांनी दुपारच्या इन्सुलिनचा डोस आठाचा चौदा केला. "आणि जेवणानंतर दोनशेच्या वर दिसलं तर आणखी चार. बाळाचा प्रश्न आहे, तोंडावर ताबा ठेवा."

खाई त्याला खवखवे म्हणतात. न खाणाऱ्यालाही खवखवतं, हे त्या म्हणीत घालायचं राहिलं. चिमटीला आता स्वतःचाच भरवसा वाटेना. हात आपसूक तोंडाकडे जात असेल तर? झोपेत चालणारी माणसं असतात, तसं? तिने नाकातोंडावर फडकं बांधलं. शेजारी आक्का उभी राहायची, चौदा जणींत सगळ्यात थोरली, तोंडाची फटकळ. चिमटीने तिला विनवलं, "आक्का, माझ्यावर नजर ठेवा. मी काही तोंडात घालते का बघा."

"मला काय पोलिसात घेतलंय?" आक्का म्हणाली. पण तिने चार दिवस खरोखर नजर ठेवली, आणि पाचव्या दिवशी चिमटीच्या पोटावर हात ठेवून शपथेवर सांगितलं, "एक कण नाही गं. तुझ्या नवऱ्याला आण इथे, त्याच्या तोंडावर सांगते."

नवरा आला नाही. "बायका एकमेकींना सांभाळून घेतात," तो म्हणाला.

तेहतिसाव्या आठवड्यातला तो मंगळवार. चौदाचा डोस सुरू झाल्यापासून दुपारी तिचे हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. साखर वाढल्यामुळेच होत असेल असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्या दिवशी पावणेदोनलाच घामाची धार लागली. भूक तर अशी की पोटात कोणी खरवडतंय. ती पोत्यांमागे गेली, बोट पुसलं, वाळवलं, टोचलं. दोनशे शेहेचाळीस.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्या तरी इमारतीच्या माथ्यावर होता, आवाज घुमत होता.

"अहो, मला कसंतरी होतंय. हातपाय गार पडलेत. खूप भूक लागलीये."

"आकडा किती?"

"दोनशे शेहेचाळीस."

"खरं सांग, काय खाल्लंस?"

"डब्यातलं. बाळाची शपथ."

"बाळाची शपथ घेऊ नकोस." त्याचा आवाज फाटला. "चार घे आणखी. डॉक्टरांनी सांगितलंय ना? आत्ता घे, मी फोन धरून आहे."

शरीर सांगत होतं, नको. शरीर ओरडून सांगत होतं. पण शरीरावर विश्वास ठेवायचा की आकड्यावर, हा प्रश्न आता तिच्या हातात राहिला नव्हता. तिने झगा वर केला, मांडीला सुई लावली, चार मोजले. "घेतलं," ती फोनमध्ये म्हणाली, आणि टेबलाशी परत आली.

समोर परातीत हजारभर गोळ्या होत्या, पिवळ्या, नारिंगी. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढे केला असता की झालं असतं. आक्काने तिच्याकडे बघून विचारलं, "काय गं, पांढरीफटक का पडलीस?" तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी खात नाही, ती म्हणाली, कोणी विचारलं नसताना. मी खात नाही. मग तिची बोबडी वळली, डोळे फिरले, आणि लोखंडी गाड्याच्या काठावर पोट आपटून ती खाली कोसळली.

हातपाय झटके देत होते. झग्यावर खालून रक्त यायला लागलं. सुपरवायझर धावला, पोत्यांमागचं मशीन त्याने उचललं, त्यावर अजून आकडा होता. "साखर अडीचशे झालीये हिची! गाडी बोलवा!" तेवढ्यात आक्काने परातीच्या तळची चिमूटभर पिठीसाखर घेतली आणि झटके थांबताच चिमटीच्या गालाच्या आत चोळली.

"अहो, काय करताय! मारताय का तिला?"

"तुमचा आकडा गेला खड्ड्यात," आक्का म्हणाली. "इन्सुलिन जास्त झालं की माझा भाऊ असाच गार पडायचा, असाच निथळायचा. पाठीला पाठ लावून वाढलेय मी त्याच्या." आणि आणखी एक चिमूट चोळली.

काही मिनिटांनी चिमटीने डोळे उघडले. भोवती चपला दिसल्या, चेहरे दिसले, मग जिभेवर गोड लागलं. ती केवढी घाबरली! होती नव्हती ती शक्ती गोळा करून तिने ते थुंकून टाकलं. बोटांनी जीभ खरवडायला लागली. "मी नाही खाल्लं," ती रडत होती, "बघितलंत ना तुम्ही सगळ्यांनी? सांगा ना त्यांना. मी नाही खाल्लं."

आक्काने तिचं तोंड तळहाताने गच्च दाबून धरलं. "गिळ," ती म्हणाली, आणि त्या फटकळ बाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "गिळ, माझे आई. आधी गिळ, मग काय खरं-खोटं करायचं ते कर."

मोठ्या इस्पितळात तातडीच्या खोलीतल्या नर्सनेही पहिल्यांदा त्याच बोटाला टोचलं. दोनशे एकतीस. मग तिने ते बोट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं. "एवढं चिकट काय आहे हे?" ओल्या फडक्याने तिने हात खसखसून पुसला आणि पुन्हा टोचलं. सत्तेचाळीस. तेही आक्काची साखर पोटात गेल्यावर.

काखेत कळसा नि गावाला वळसा. सात आठवडे, तीन डोस, दोन दवाखाने, आणि शेवटी एक ओलं फडकं.

पोट आपटल्याने बाळाची वार आतच सुटत चालली होती, म्हणून वेळ न घालवता पोट फाडलं. मुलगी झाली, एक किलो नऊशे. रडली, पण उशिरा आणि बारीक. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तातडीच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन बोटाचा सगळा प्रकार समजावला. पोरीचं विचारल्यावर ते म्हणाले, "जगेल असं वाटतंय. मेंदूला किती वेळ त्रास झाला ते आत्ता कोणी सांगू शकणार नाही. वर्ष-दीड वर्ष वाट बघावी लागेल." नवरा जिन्यावर जाऊन बसला आणि दोन तास उठला नाही. चिमटी शुद्धीवर आली तेव्हा तो तिच्या पायाशी होता. "चुकलं माझं," तो म्हणाला, पुन्हा पुन्हा तेच. तिला फक्त पोरगी बघायची होती.

तिसऱ्या दिवशी तिला चालवत काचेपर्यंत नेलं. आत नळ्यांच्या गुंत्यात पोरगी निजली होती, छाती भराभर हलत होती. चिमटी काचेला कपाळ लावून उभी राहिली आणि तिला वाटलं, हिला मी कधी हात लावू शकेन का? आपल्या हातांचीच तिला भीती वाटायला लागली होती.

नवी नर्स पाळीवर आली होती. पेटीला अडकवलेला कागद वाचून ती बाहेर आली. आईच्या जुन्या फाइलमधली ओळ त्या कागदावर वरच उतरवली होती. "पथ्य पाळत नव्हतात ना?" ती म्हणाली. "कामावर गोड खायचात, लिहिलंय इथे. आता तरी जिभेला आवरा, बाई. तुमच्या चवीपायी या एवढ्याशा जिवाचे हाल."

चिमटीने नवऱ्याकडे बघितलं. तो शेजारीच होता, एका हाताच्या अंतरावर. त्याने तोंड उघडलं. मग आपल्या बुटांकडे बघितलं. नर्स जाऊन आपल्या टेबलाशी बसली.

"मी सांगणारच होतो गं," तो म्हणाला.

"मग जा, सांगा. ती बघा, तिकडे बसलीये."

तो हलला नाही. "आत्ता नको. ती रागावलीये. संध्याकाळी नीट बोलतो."

चिमटीने भिंतीला हात लावला आणि निघाली. टाके ओढत होते, प्रत्येक पावलाला पोट दोन्ही हातांनी धरावंसं वाटत होतं, पण एक हात भिंतीला हवाच होता. वीस पावलं असतील, तिला ती पुरून उरली. नर्सच्या टेबलाशी पोचल्यावर तिने आधी श्वास घेतला.

"माझ्या मुलीच्या कागदावर एक ओळ खोटी आहे," ती म्हणाली. "ती माझ्यासमोर खोडा."

नर्सने मान वर केली. बाईचा चेहरा बघून तिचा सूर जरा उतरला. "अशी खोडता येत नाही हो. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलीये, ते आधी लिहावं लागेल. कोणी सांगितलं होतं हे?"

चिमटीने मागे वळून बघितलं नाही.

"तिच्या बापाने," ती म्हणाली. "लिहा."